खडूची खाण आणि ज्वारीचं पेव

दारूच्या कोठाराला वारसा म्हणावं, हे मला अनेक वर्षं मान्य नव्हतं. २०१५ साली युनेस्कोनं फ्रान्समधल्या शॅम्पेन प्रदेशातले द्राक्षांचे उतार, तिथल्या पेढ्या आणि तळघरं जागतिक वारशाच्या यादीत घेतली, ती बातमी वाचून मी अस्वस्थ झाले होते. ज्या यादीत आपली अजिंठ्याची लेणी आहेत, त्याच यादीत दारू मुरवायची तळघरं? श्रीमंतांच्या व्यसनाला दिलेली ही प्रतिष्ठेची शाल आहे, असं मी तेव्हा ठामपणे बोलले होते. आज मी तसं म्हणणार नाही. मत का बदललं, कुठपर्यंत बदललं आणि कुठे तसंच राहिलं, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

माझा जन्म दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला. वऱ्हाडातली आमची पिढी दोन माणसांच्या सावलीत वाढली. मोझरीच्या गुरुकुंजातून खंजिरीवर गावोगाव जागवत फिरणारे तुकडोजी महाराज, आणि हातात खराटा घेऊन आधी गाव झाडणारे, मग रात्री कीर्तनातून गावाचं मन झाडणारे गाडगेबाबा. दोघंही अमरावती जिल्ह्याचेच सुपुत्र. दोघांनीही दारूवर कोरडे ओढले, आणि ते ऐकून माळकरी झालेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. आमच्या घरी सायंकाळी सामुदायिक प्रार्थना व्हायची. दारूचा विषय घरात निघे तो फक्त दुसऱ्या कोणाच्या घराबद्दल हळहळताना.

पुढे अकोल्यात शिक्षिका झाले, तरी गावाशी नातं तुटलं नाही. आडव्या बाटलीच्या मतदानासाठी मी बायांसोबत फिरले आहे. गावातल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर तिथलं परवान्याचं दुकान बंद होतं. तो निम्म्याचा आकडा गाठताना काय दमछाक होते, ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. त्या फिरण्यात एका बाईनं सांगितलेलं अजून कानात आहे. पोराच्या वह्या-पुस्तकांचे पैसे तिनं तुरीच्या डाळीच्या डब्यात खाली दडवले होते. नवऱ्यानं ते हुडकले. पैसे काढून डबा ठेवून दिला असता तरी ती एवढी मोडली नसती. त्यानं डाळीसकट डबा उचलून नेला आणि डाळही विकली. असं ऐकलेल्या माणसाला 'मद्यसंस्कृती' हा शब्द कानाला नुसता टोचत नाही, जखम करतो.

या रागाचा माझ्या शिकवण्यावरही परिणाम झाला होता. मी इतिहास शिकवत असे. सातवाहनकाळ आला की मी खुलत असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाचं टिपण आहे, 'पेरिप्लस' नावाचं. त्यात भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर, अशी नोंद आहे. या दोन शहरांतून गाड्या भरभरून माल भडोचला जाई. प्लिनी नावाचा रोमन लेखक तक्रार करतो की हिंदुस्थान दरवर्षी आमच्याकडून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. हे वाक्य सांगताना माझा आवाज चढायचा, मुलंही ताठ बसायची. त्या टिपणात भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच, सोन्या-चांदीची नाणी. मी ही यादी अशीच फळ्यावर लिहीत असे. पण यादीची सुरुवात मद्यानं होते, आणि त्यातही इटलीच्या मद्याला अधिक मागणी होती असं तिथे स्वच्छ लिहिलेलं आहे. ते मी लिहीत नसे. नेवाशाच्या उत्खननात डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकळियांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९५४ ते ५६ या काळात रोमन मद्यकुंभांच्या खापऱ्या सापडल्या. दोन कानांचा, निमुळत्या बुडाचा तो कुंभ. आतून राळेचा लेप दिलेला, म्हणजे मद्य पाझरू नये. ती खापरीही माझ्या वर्गात आली नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांसमोर त्याचं कौतुक नको, एवढाच माझा हिशोब होता.

मुलगा-सून पॅरिसजवळ राहतात. त्यांच्याकडे गेले असताना रँस शहर पाहायची इच्छा मीच बोलून दाखवली होती, पण ती तिथल्या कॅथेड्रलसाठी. फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक शतकानुशतकं तिथे झाले. रोमनांच्या काळात हे दुरोकोर्तोरुम, एका प्रांताची राजधानी. त्या काळची मार्स दरवाजा नावाची तीन कमानींची वेस अजून भर शहरात उभी आहे. ते सगळं पाहून झाल्यावर सुनेनं तळघराचा विषय काढला. मी नाही म्हटलं. सून आमची अकोटची, इंजिनिअर, बोलायला स्वच्छ. ती म्हणाली, "आई, दारू पाहायला नका येऊ. रोमनांनी खणलेली खाण पाहायला या. दारू तिथे फार नंतर आली." मला हा युक्तिवाद टाळता येईना. कार्ल्याच्या लेण्याजवळ कोणी नंतर काही मांडलं म्हणून मी लेणं पाहायचं सोडलं असतं का?

सेंट निकेझ नावाच्या टेकडीवर टेटिंजर या पेढीची तळघरं आहेत. जिना उतरत उतरत आपण सुमारे अठरा मीटर, म्हणजे साठ फूट, जमिनीखाली जातो. वर उन्हाळा होता. खाली बारमाही दहा-बारा अंश. भिंतीला हात लावला तर गार, ओलसर, आणि बोटांवर पांढरी पूड. उभा जन्म खडू हातात धरण्यात गेला, पण शाळेतला खडू बहुतेक जिप्समचा असतो. हा खरा खडू. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाशी सूक्ष्म जीवांच्या कवचांचा साठलेला थर. भिंतीवर कुदळीचे घाव अजून स्पष्ट दिसतात, तिरपे, एकाखाली एक. दिव्याच्या आडव्या उजेडात प्रत्येक घावाची स्वतंत्र सावली पडली होती. खाणकाम्यानं कुठे हात बदलला, तेही घावांच्या कलावरून कळत होतं.

मग मी मान वर केली. खाली ऐसपैस दालन, आणि भिंती वर जाता जाता जवळ येत पार वर एक लहानसं तोंड. ते पाहिलं आणि मी सुनेचा हात घट्ट धरला. "अगं, हे तर ज्वारीचं पेव आहे!"

हे मी उगाच ओढूनताणून म्हणत नाही. रोमन खाणकाम्यांनी तोंड अरुंद ठेवलं त्याला कारण होतं. खडूचा दगड मऊ. पावसानं, थंडीच्या कडाक्यानं फुटतो. म्हणून वरून आत शिरताना लहानसं भोक पाडायचं, खाली जाताना घेर वाढवत न्यायचा, आणि कापलेले चिरे त्याच तोंडातून दोरानं वर ओढून घ्यायचे. त्यांना बांधकामाला दगड हवा होता, बस. मद्याचा तिथे संबंधही नव्हता. रँसमधल्या या शेकडो खड्ड्यांपैकी सगळेच रोमन नाहीत, पुष्कळसे मध्ययुगात खणले गेले. टेटिंजरच्या खाणी चौथ्या शतकातल्या मानल्या जातात. दगड काढून झाल्यावर उरली ती पोकळी. मध्ययुगात वर सेंट निकेझचा मठ बांधला गेला. मठवासी साधूंनी या आयत्या गारव्यात मद्य ठेवायला सुरुवात केली. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर मठाची इमारत पाडून तिचा दगडही विकला गेला. वरचं पवित्र ते गेलं, खालचं उपयोगाचं ते राहिलं. पुढे शॅम्पेनच्या पेढ्यांनी हे खड्डे एकमेकांना भुयारांनी जोडले. जवळच्याच पोमरी पेढीत एकशे वीस खड्डे अठरा किलोमीटरच्या भुयारांनी सांधले आहेत, आणि ते काम १८६८ पासून करवून घेतलं ते लुईझ पोमरी या विधवेनं.

त्या भुयारांतून चालताना मला दारू दिसली नाही, असं म्हणणं खोटं होईल. दोन्ही अंगांना बाटल्याच बाटल्या होत्या, आडव्या रचलेल्या. पण मला त्याहून जास्त दिसलं ते काम. शॅम्पेनची बाटली बंद केल्यावर तिच्या पोटात पुन्हा किण्वन होतं, वायू कोंडतो. आतला दाब पाच-सहा वातावरणांइतका. एकोणिसाव्या शतकात काच कच्ची, साखरेचा अंदाज कच्चा. रचलेल्या बाटल्या फुटत, एक फुटली की शेजारच्या दहा फुटत. इथले मजूर तोंडावर तारेच्या जाळीचा मुखवटा बांधून या भुयारांत शिरत. पुढे बाटली थोडी थोडी फिरवत, उलटी करत नेऊन आतला गाळ बुचाशी आणायचा; हे हातानं करणारा माणूस दिवसात हजारो बाटल्यांना हात लावायचा. अंधारात, गारठ्यात, वर्षानुवर्षं. या माणसांचं नाव कुठल्याही बाटलीवर नाही.

आणि एक गोष्ट, जिनं मला सर्वांत जास्त हलवलं. पहिल्या महायुद्धात जर्मन तोफांनी रँस भाजून काढलं. १९ सप्टेंबर १९१४ रोजी कॅथेड्रल पेटलं. शहरातली माणसं चंबूगबाळं घेऊन या तळघरांत उतरली आणि महिनोन् महिने तिथे राहिली. तिथे स्वैपाक झाले, आजारपणं निभावली गेली, आणि शाळा भरल्या. वर तोफगोळे पडताहेत आणि खाली, बाटल्यांच्या शेजारी, बाकांवर बसून मुलं धडे गिरवताहेत. शिक्षिका म्हणून मी त्या जागी क्षणभर उभी राहिले. जिथे मी माझ्या विद्यार्थ्यांना कधीही नेलं नसतं, त्या जागेनं कोणाच्या तरी विद्यार्थ्यांना जिवंत ठेवलं होतं.

फेरी संपल्यावर रिवाजाप्रमाणे ग्लास पुढे आला. मी घेतला नाही. कोणी आग्रह केला नाही, मलाही ताण वाटला नाही.

अकोल्याला परतल्यावर मी आधी गाठलं ते आमच्या गावचं गावठाण. ज्यांनी पेव पाहिलेलं नाही अशा तरुण वाचकांसाठी सांगते. आमच्या पूर्णेच्या खोऱ्यात शेती काळ्या मातीत आणि वस्ती पांढरीवर. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, ओल धरून ठेवते. तिच्यात धान्य पुरणं म्हणजे सडवणं. पांढरी मात्र शेकडो वर्षांच्या राखेची, शेणामातीची, पडलेल्या भिंतींची. कोरडी, घट्ट. तिच्यातच पेव खणायचं. तोंड एका माणसापुरतं, खाली पोट मोठं. आत तळाला आणि भिंतींना कडब्याचा, भुशाचा जाड थर द्यायचा, त्यात कडुलिंबाचा पाला, आणि मग ज्वारी ओतायची. तोंडावर फरशी, फरशीवर माती, माती चोपून वर पुन्हा वाट वाहती. चोराला कळू नये, उंदराला मिळू नये. कडेची ज्वारी काळी पडायची, बुरसायची, तेवढं नुकसान धरलेलंच असे. मधली मात्र दुष्काळात गाव तारायची. पेवातल्या ज्वारीच्या भाकरीला एक आंबूस वास येतो. लहानपणी मी नाक मुरडायचे, आणि आजी म्हणायची, "खाय माय, ह्या वासानंच आमाले जगवलं."

गावातल्या एका म्हाताऱ्या बाबाजींना मी पेवात उतरायची रीत विचारली. तरुणपणी ते पेव उपसायला जायचे. ते म्हणाले, "बाई, फरशी काढली का लगेच नाही उतराचं. आंधी उघडं ठेवाचं. मंग दोरीनं कंदील सोडाचा. कंदील इझला त माणूस बी इझते." बंद पेवात धान्य श्वास घेतं, प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड साठतो. तोच किड्यांना मारतो म्हणून धान्य टिकतं, आणि तोच घाईनं उतरणाऱ्या माणसाचा जीव घेतो. असे जीव गेलेले आहेत. वऱ्हाडातल्या जुन्या घरांत विचारा. द्राक्षाचा रस आंबत असलेल्या तळघरात युरोपातले लोकही अशीच जळती मेणबत्ती पुढे धरून उतरायचे. वायू तोच, जड होऊन तळाशी बसणारा. ज्योतीनं हवा जोखायची रीत एवढ्या लांबच्या दोन अंधारांत तीच असावी, याचं मला फार नवल वाटलं.

आमच्या गावात आज किती पेवं उरली आहेत? उघडं एकही नाही. ज्वारी मागे पडली, सोयाबीन आलं. माल घरी थांबेनासा झाला, सरळ बाजार समितीत जाऊ लागला. रेशनचं धान्य मिळू लागलं. पेवाची गरज संपली हे खरंच आहे, आणि त्याचं मला दुःख नाही. धान्य पुरून ठेवायची पाळी पुन्हा कोणावर न येवो. पण गरज संपल्यावर आम्ही काय केलं? कोणी विटांचा राबिट टाकून बुजवलं, कुठल्यावरून सिमेंटचा रस्ता गेला. बुजवण्याआधी कोणी दोरी सोडून खोलीही मोजली नाही. मीही इतिहासाची शिक्षिका म्हणून मुलांना बाळापूरच्या किल्ल्यावर नेलं, नरनाळ्यावर नेलं. तिथे तेला-तुपाच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या जमिनीखालच्या टाक्यांपाशी थांबून त्यांना सांगितलं की साठवण हे राज्याचं बळ असतं. किल्ल्यातली साठवण इतिहास होती. आमच्या अंगणाखालची फक्त अडगळ.

माझं मत बदललं ते इथे. वारसा म्हणजे थोर, शुद्ध, पूज्य वस्तू, असं मी मनाशी धरून होते; म्हणून दारूचं तळघर अपवित्र म्हणून बाद, आणि ज्वारीचं पेव क्षुल्लक म्हणून बाद. आता मला वाटतं, माणसांनी पोटासाठी, व्यापारासाठी, जीव वाचवण्यासाठी जमिनीत जे खणलं आणि पिढ्यानुपिढ्या वापरलं, ते जपलं पाहिजे, मग आत साठवलेली वस्तू मला पटो न पटो. अमरावती जिल्ह्यातल्याच कौंडिण्यपुराला मोरेश्वर दीक्षितांनी १९६२ ते ६४ मध्ये उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनांच्या काळापर्यंतचं गाव हाती लागलं ते अशाच वस्तीच्या पांढऱ्या मातीतून. रुक्मिणीचं माहेर म्हणून तिथे दर्शनाला जाणारे आपण, त्या मातीनं काय काय धरून ठेवलं हे कधी विचारतो का?

जिथे मत बदललेलं नाही तेही सांगते. आडव्या बाटलीसाठी उद्या कोणत्याही गावातून निरोप आला, तर मी जाणार. डाळीच्या डब्याची ती गोष्ट कुठल्याही जागतिक यादीनं पुसली जात नाही. वारशाचा शिक्का मिळाला की बाटलीचा भाव चढतो, आणि तळघर पाहायला आलेला माणूस खरेदी करून बाहेर पडतो, हेही मी पाहिलं आहे. ते मला खटकतंच. मेळघाटातल्या कोरकूंच्या मोहाच्या दारूबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे ओढलं जातं. लग्नात, पूजेत, देवाच्या नैवेद्यात तिचं स्थान मी नाकारू शकत नाही, आणि त्याच दारूपायी घरात उपाशी झोपणारी लेकरंही नाकारू शकत नाही. यावर मला सोपं उत्तर सापडलेलं नाही. पण पूर्वी मी तो विषय वर्गाच्या दाराबाहेर ठेवत असे, तसा आता ठेवणार नाही. मध्यंतरी शाळेत पाहुणी म्हणून बोलवलं होतं, तेव्हा भडोचच्या मालाची यादी मी पहिल्यापासून लिहिली. मद्य, इटलीचं. नेवाशाच्या खापरीचं चित्र दाखवलं, राळेचा लेप सांगितला. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, एवढ्या लांबून आणताना फुटत नसे का?" फार चांगला प्रश्न. त्या प्रश्नातून जहाजं, मोसमी वारे, घाटवाटा, बैलगाड्या असा तास कसा सरला, कळलं नाही. दारूचं कौतुक कोणाच्याही डोक्यात शिरलं नाही; मुलं तेवढी शहाणी असतात.

आता काम. अकोला, अमरावती, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ, जिथे जिथे जुनी गावठाणं आहेत तिथल्या वाचकांना माझी विनंती आहे. गावात पेव होतं का, कुठे होतं, तोंड किती रुंद, खोली किती पुरुष, आत काय लावत, किती पोती मावत, शेवटचं कधी भरलं आणि कोणी बुजवलं, हे सत्तरीच्या पुढच्या माणसांना विचारून लिहून काढा. हातात आता फार वर्षं नाहीत. पेव उपसलेली माणसं एकेक करून जाताहेत. नव्या नालीसाठी खोदताना पांढरीत पोकळी लागली, तर काम एक दिवस थांबवून तिचं माप आणि फोटो घ्या, ग्रामपंचायतीच्या नोंदीत टाका. आत मात्र कोणी उतरू नका, कंदील जळत असला तरीही. आमच्या गावच्या सरपंचबाईंशी बोलणं झालं आहे. मारुतीच्या पाराशेजारचं एक पेव फक्त वरून फरशी टाकून झाकलेलं आहे, भरलेलं नाही, असं बाबाजी सांगतात. पावसाळा उलटला, जमीन वाळली, की त्या फरशीभोवतीची माती काढायची ठरली आहे. कृषी विद्यापीठातल्या कोणी धान्य साठवणुकीचा अभ्यास केला असेल आणि त्या दिवशी यायची तयारी असेल, तर त्यांचं स्वागत आहे. जेवण माझ्याकडे.